अप्पांचं खिशातलं घड्याळ : दुरुस्तीच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आईने आज कपाटाच्या आतल्या खणातून अप्पांचं घड्याळ काढून दिलं. अप्पा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. जीआयपी रेल्वेत लागले, तिचीच पुढे मध्य रेल्वे झाली, आणि तिथून गार्ड म्हणून १९६४ साली निवृत्त झाले. त्यानंतर वर्ष-दोन वर्षं ते रोज रात्री घड्याळाला किल्ली द्यायचे, एवढं आईला आठवतं. म्हणजे जवळपास साठ वर्षं हे मलमलीच्या तुकड्यात बंद आहे.

हात लावण्याआधी स्थिती लिहून ठेवते. निकेलची केस, पुढून झाकण नाही. काच शाबूत, कडेला एक टवका. इनॅमलची पांढरी तबकडी, सातपासून आठपर्यंत केसासारखी एक भेग. वर लिहिलंय वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे, कलकत्ता. सहाच्या जागी सेकंदकाट्याची छोटी तबकडी. काटे निळ्या पोलादाचे, मिनिटकाट्याच्या टोकाला गंज. किल्ली फिरते आणि शेवटी घट्टही होते, म्हणजे स्प्रिंग तुटलेली नाही. पण घड्याळ हलवलं की बॅलन्स, म्हणजे झोके घेणारं चाक, चार-पाच झोके घेतो आणि थांबतो. तबकडी वर ठेवली की जरा बरा चालतो, खाली केली की लगेच मरतो.

मागचं झाकण नखाने उघडलं. आत आणखी एक पातळ झाकण, धूळ अडवायला. त्याच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे दिसले. आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून तिरप्या उजेडात धरलं तेव्हा एकेक वाचता आलं. ३/३१. ११/३८. मग देवनागरीत, स्पष्ट सुवाच्य अक्षरात : स्टाफ ८/४४ (स्टाफ म्हणजे बॅलन्सचा आस). पुढे २/५२, ५९, आणि शेवटचं ६३. हस्ताक्षरं किमान चार माणसांची. जुने घड्याळजी काम केल्यावर झाकणाच्या आत असा महिना-वर्ष कोरून ठेवायचे. गिऱ्हाईक परत आलं की मागचं ऑइलिंग कधी झालं ते लगेच कळायचं. आता असे ओरखडे काढत नाहीत, आणि काढूही नयेत. म्हणून ही वही.

५ फेब्रुवारी, बुधवार

काकांकडे जाऊन आले. नौपाड्यातलं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, पण टेबल, दिवा आणि हत्यारं घरी खिडकीशी मांडलेली आहेत. वय एक्क्याऐंशी. गेल्या दिवाळीपासून मी त्यांच्याकडे बसते आहे. एकतीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होते, मायक्रोमीटर आणि डायल गेज हातातलेच. तरी पहिले तीन महिने त्यांनी मला भंगारातलं एकच मशीन उघडायला आणि परत लावायला लावलं. अकराव्या वेळी ते चाललं.

अप्पांचं घड्याळ त्यांनी कानाशी धरलं, हलवलं, उलटं केलं, पुन्हा ऐकलं. "खालचं टोक गेलंय स्टाफचं. स्प्रिंगही दमलीय. बाकी मशीन उत्तम आहे गं, पंधरा रुबीचं आहे. सावकाश कर, घाई करायची नाही." रुबी म्हणजे चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे.

९ फेब्रुवारी, रविवार

मशीन उघडलं. आधी स्प्रिंगचा ताण सोडला, मगच बाकीचे स्क्रू. प्रत्येक पायरीला फोटो, प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या नकाशात आपापल्या जागी. तेल सुकून राळेसारखं झालंय. तरी चाकांना गंज नाही. १९६३ साली ज्याने साफ केलं त्याने तेल मोजकं घातलं होतं. जास्त घातलं असतं तर ते पसरून सगळीकडे चिकटलं असतं.

चाकांचे दात मोजले. सगळं गणित हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. मधलं चाक तासाला एक फेरा, त्याला ८० दात. ते तिसऱ्या चाकाच्या १० दातांच्या पिनियनला (आसावरच्या छोट्या दातेरी चाकाला) फिरवतं, म्हणजे आठपट. तिसऱ्या चाकाचे ७५ दात पुढच्या १० च्या पिनियनला, म्हणजे साडेसातपट. आठ गुणिले साडेसात, साठ. चौथं चाक बरोबर मिनिटाला एक फेरा घेतं आणि सेकंदकाटा त्याच्याच टोकावर बसतो. पुढे एस्केप व्हील, म्हणजे लिव्हर ज्याचे दात एकेक करून सोडते ते चाक, सहा सेकंदांत एक फेरा. त्याला १५ दात, आणि दर दाताला दोन ठोके. सेकंदाला पाच ठोके, दिवसाला ४ लाख ३२ हजार. हे सगळं पितळेच्या चार चाकांत.

चाकांना मोकळं सुटू न देता एकेक दात मोजून सोडणारी लिव्हरची युक्ती टॉमस मज या इंग्रज घड्याळजीने १७५५ च्या सुमारास काढली. बॅलन्सला लावलेली केसासारखी गुंडाळी ख्रिस्तियान हायगेन्सची, १६७५ ची. त्याआधीची खिशातली घड्याळं दिवसाला तासाच्या हिशेबात चुकायची. मिनिटकाटा बाळगण्यात अर्थ आला तो या गुंडाळीमुळे.

सगळे भाग व्हाइट पेट्रोलमध्ये धुतले. रुबीची छिद्रं टोकदार लाकडी काडीने साफ केली. काडी दर वेळी नव्याने तासायची, काळी येईनाशी होईपर्यंत. एका छिद्राला सात काड्या लागल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्प्रिंग. डब्यातून काढल्यावर चांगली स्प्रिंग उसळून मोठी होते, हातभर पसरते. ही डब्याच्या आकाराचंच वेटोळं होऊन पडून राहिली. साठ वर्षं आवळलेली, ताण विसरून गेली आहे.

मापं : रुंदी २.४० मिमी, जाडी ०.२०, लांबी साधारण अर्धा मीटर. डब्याचा आतला व्यास १७. जुना नियम असा की मधला गाभा डब्याच्या व्यासाच्या एक तृतीयांश असावा आणि उरलेल्या जागेपैकी निम्मी जागा स्प्रिंगने व्यापावी. जास्त लांब स्प्रिंग घातली म्हणून घड्याळ जास्त वेळ चालत नाही, उलट कमी चालतं, कारण उलगडायला जागाच उरत नाही. मी कागदावर हिशेब केला, ५०४ मिमी आलं. जुनी पट्टीवर सरळ धरून मोजली, ५००. काकांच्या साठ्यात याच मापाची नवी मिळाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद मोठी होणार.

स्टाफची लांबी सहा मिलिमीटरच्या आत, मध्ये जाड, दोन्ही टोकांना निमुळता होत सुईहून बारीक. त्या दोन टोकांवर अख्खा बॅलन्स तोललेला असतो. माझ्या मायक्रोमीटरवर वरचं टोक ०.११३ मिमी भरलं, खालचं ०.११५. डोक्याचा केस मोजला, ०.०७. म्हणजे दीड केसाएवढ्या पोलादावर हे घड्याळ दिवसाला सव्वाचार लाख झोके घेतं. घड्याळ हातातून पडलं की पहिलं हेच मोडतं.

खालच्या टोकाला एक बारीक खाच पडलेली दिसली आणि टोक चपटं झालेलं. पण मी थांबले ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. हा स्टाफ कारखान्यातला वाटेना. कारखान्याच्या स्टाफवर प्रत्येक पायरीचा कोपरा धारदार आणि एकसारखा असतो. इथे एका पायरीवर पटाशीच्या फार बारीक, अंगठीसारख्या रेषा. पॉलिश सुंदर, पण हाताचं. आणि पोलादाचा रंगही बाकीच्या मशीनपेक्षा किंचित वेगळा.

काकांना दाखवला. त्यांनी आयग्लास डोळ्याला लावून बराच वेळ पाहिला.

"दाभणातून काढलाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते म्हणाले, "दाभण गं, गोणी शिवायचा. त्याचं पोलाद चांगलं असायचं. मी सोळाव्या वर्षी गिरगावात शिकायला बसलो, तेव्हा आमचे मालक सांगायचे, लढाईत माल येईना. स्वित्झर्लंडहून पेटी येणार कुठून? मग दाभण घ्यायचा, तापवून मऊ करायचा, धनुकलीवर फिरवून स्टाफ काढायचा, परत पाणी द्यायचं. मीही दोन-चार काढलेत, आयात बंद होती तेव्हा."

घरी येऊन झाकण पुन्हा उजेडात धरलं. स्टाफ ८/४४.

ऑगस्ट १९४४. नोव्हेंबर १९४२ पासून स्वित्झर्लंडच्या चारही बाजूंना जर्मनी, इटली किंवा त्यांनी व्यापलेला मुलूख होता. मुंबईच्या दुकानात त्या वर्षी या मशीनचा स्टाफ मिळणं जवळपास अशक्य. आणि अप्पांना घड्याळ लागणारच, कारण ते गाडीवर होते. मग कुणीतरी, ठाण्यात किंवा मुंबईत, दाभण घेऊन बसलं.

तबकडीवर दुकानाचं नाव आहे. मशीनवर स्विस मेड कोरलंय. या माणसाचं नाव कुठेच नाही, आणि त्याने केलेल्या तुकड्यावर घड्याळ पुढची वीस वर्षं चाललं.

२ मार्च, रविवार

परवा चोरबाजारात गेले होते, शुक्रवारी पहाटेच. याच मशीनचा केस नसलेला सांगाडा मिळाला. तबकडी फुटलेली, पण बॅलन्स शाबूत आणि स्टाफ कारखान्याचा. आज दोन्ही स्टाफ शेजारी ठेवून मोजले. रोलर (लिव्हरला ढकलणारी चकती) बसतो ती जागा, बॅलन्स बसतो ती जागा, हेअरस्प्रिंगची, म्हणजे केसासारख्या गुंडाळीची, जागा, दोन्ही टोकं, एकूण लांबी. १९४४ चा स्टाफ लांबीत कारखान्यापेक्षा ०.०३ मिमीने आखूड. बाकी प्रत्येक माप ०.०१ च्या आत.

मी आयुष्यभर मापं घेतली आहेत. ०.०१ धरायला आमच्याकडे ग्राइंडिंग मशीन होतं, कूलंट होतं, एसी खोली होती. त्या माणसाकडे घोड्याच्या केसाची दोरी लावलेली धनुकली होती, एका हातात ती, दुसऱ्या हातात पटाशी. लांबीतला ०.०३ चा फरकही चूक नाही. तेवढा आखूड ठेवला म्हणून वरखाली किंचित जास्त मोकळीक मिळते. त्याने मुद्दामच तसं ठेवलं असावं असं मला वाटतं.

आता प्रश्न. सांगाड्यातला कारखान्याचा स्टाफ काढून यात बसवायचा का? घड्याळं जमवणारे बहुतेक जण म्हणतील, हो, तोच मूळ. काकाही तेच म्हणाले, आणि त्यांचं कारण साधं होतं. "घड्याळ चालण्यासाठी असतं. झिजलेलं काढायचं, चांगलं घालायचं. मी दुकानात असतो तर विचारही केला नसता."

मी म्हटलं, हा या घड्याळात एक्क्याऐंशी वर्षं आहे, कारखान्याचा पहिला त्यापेक्षा कमी टिकला. शिवाय स्टाफ बॅलन्समध्ये ठोकून फुलवून बसवलेला असतो. काढताना बॅलन्सचं भोक दर वेळी थोडं मोठं होतं. एकदा मोठं झालेलं पुन्हा लहान होत नाही.

त्यांनी थोडा विचार केला. मग अट घातली : खालचं टोक घासून गुळगुळीत केल्यावर वरच्या टोकापेक्षा फार बारीक होता कामा नये आणि रुबीत ढिलं वाटता कामा नये. तसं झालं तर ठेव. नाहीतर बदल, आणि हट्ट करायचा नाही. मला हे मान्य आहे.

१५ मार्च, शनिवार

टोक घासण्याचं काम आज केलं. काकांच्या घरी, त्यांच्या हत्यारावर, ते शेजारी बसून.

हे हत्यार म्हणजे हातभर लांबीचं पितळी यंत्र. एका बाजूला चकती, तिला छोट्या धनुकलीची दोरी वेढलेली. दुसऱ्या बाजूला दंडगोलावर वेगवेगळ्या खोलीच्या चरा. आपल्या मापाच्या चरीत स्टाफचं टोक अर्धं बुडतं, अर्धं वर राहतं. वरून बर्निशर टेकवायचा. बर्निशर म्हणजे कडक पोलादाची गुळगुळीत पट्टी. ती कापत नाही, दाबून घोटते. धनुकली पुढे गेली की बर्निशर मागे, धनुकली मागे आली की बर्निशर पुढे. दोन हात उलट दिशांना, आणि दाब इतकाच की जाणवेल न जाणवेल.

पहिली दहा मिनिटं माझी लय बसेना. बर्निशर तिरका पडला की टोक निमुळतं होतं. काका एवढंच म्हणाले, "हाताकडे बघू नकोस. आवाज ऐक." आवाज खरंच बदलतो. खाच असेपर्यंत बारीक खरखर येते, दर फेऱ्याला एक. ती हळूहळू पुसट होत गेली आणि एका क्षणी नाहीशी झाली, नुसती रेशमासारखी सळसळ उरली. तिथे थांबले.

मायक्रोमीटर : खालचं टोक ०.११२. वरचं ०.११३.

टोक भिंगाखाली आरशासारखं काळं दिसतं. चांगल्या पॉलिशची तीच खूण, उजेड एका बाजूनेच परत येतो, बाकी काळंभोर. रुबीत बसवून पाहिलं. बॅलन्स नुसत्या फुंकरीने डोलायला लागला, तबकडीची बाजू वर असो की खाली. काकांनी चिमट्याने किंचित हलवून मोकळीक पाहिली आणि मान डोलावली.

स्टाफ राहिला.

रुबीबद्दल एक नोंद इथेच. घड्याळात खडे बसवण्याची कल्पना १७०४ सालची, निकोलस फातियो आणि दोघे दबोफ्र बंधू यांच्या लंडनच्या पेटंटमधली. तेव्हा आणि पुढे दोनशे वर्षं खरे खडे भोकं पाडून वापरत. ऑगस्त व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि मग ते स्वस्त झाले. दागिन्यातल्या माणकाला जी किंमत असते ती याला नाही. इथे त्याचा गुण एवढाच की तो फारसा झिजत नाही आणि पोलादाला त्यावर सहज फिरता येतं.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. सकाळी कोपिनेश्वरपासूनची शोभायात्रा, दुपारी सगळे घरी. काम नाही.

६ एप्रिल, रविवार

केस रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशने साफ केली, सोनार दागिने धुतात तशी. घासून चमकवली नाही. मागच्या बाजूला अप्पांच्या अंगठ्याने निकेल गुळगुळीत झालेली जागा आहे, ती तशीच राहिली पाहिजे.

तबकडीला फक्त थेंबभर साबणाचं पाणी. इनॅमल म्हणजे तांब्याच्या चकतीवर काचेची पूड पसरून सुमारे ८०० अंशांत भाजलेली. मागच्या बाजूलाही काचेचा थर देतात, नाहीतर थंड होताना चकती वाकडी होते. रंग उडत नाही, पिवळी पडत नाही, पण वाकली की तडकते. सात ते आठमधली भेग धुतल्यावर पुसट झाली. तिच्यात मळ होता म्हणून ती दिसत होती.

स्प्रिंगचा डबा धरून ठेवणाऱ्या पट्टीचा एक स्क्रू कुणीतरी पांढरा बदललेला, बाकी सगळे निळे. तो निळा करायचा होता. पितळेच्या किसाने भरलेली छोटी ताटली गॅसच्या मंद आचेवर ठेवली, स्क्रू घासून आरशासारखा केला आणि डोकं वर राहील असा किसात रोवला. दोन मिनिटं काहीच नाही. मग वाळलेल्या गवतासारखा पिवळा, लगेच तपकिरी, मग जांभळा, आणि जांभळ्यातून मोरपंखी निळा उगवतो तेव्हा हातात जेमतेम दोन सेकंद असतात. ते २९०-३०० अंशांच्या आसपास. क्षणभर उशीर झाला की राखाडी निळा होतो आणि पुन्हा घासण्यापासून सुरुवात. दोनदा राखाडी झाला, तिसऱ्यांदा जमला. हा रंग वरून लावलेला नाही, पोलादाच्या पृष्ठभागावर उमटलेल्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचा आहे, आणि गंजापासून थोडं राखतोही.

१३ एप्रिल, रविवार

जोडणी. तेल : चाकांच्या टोकांना मोबियस ९०१०, लिव्हरच्या खड्यांना ९४१५, किल्लीच्या भागांना घट्ट तेल. प्रत्येक थेंब सुईच्या टोकाएवढा, रुबीच्या वाटीत अर्ध्यापर्यंत चढेल इतकाच.

दुपारी तीनला किल्लीच्या खटक्याचा स्क्रू चिमट्यातून सुटला. फरशीवर टिचकी ऐकू आली, दिसला नाही. तासभर गुडघ्यावर शोधला, मग घाईला आले आणि फ्रिजवरचं चुंबक घेऊन फरशीवर फिरवलं. स्क्रू मिळाला. त्याच हाताने, त्याच चिमट्याने, बॅलन्स बसवला.

घड्याळ चाललं! आईला हाक मारली. आणि तासाभरात ते दोन मिनिटं पुढे गेलं.

हेअरस्प्रिंगकडे पाहिलं तर बाहेरची दोन वेटोळी एकमेकांना चिकटलेली. चिमटा चुंबकित झाला होता आणि त्याने स्प्रिंगही केली. वेटोळी चिकटली की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स धावत सुटतो. मुलाचं होकायंत्र बॅलन्सवर धरलं, सुई प्रत्येक झोक्याला थरथरते. लिहून ठेवते : घड्याळाच्या टेबलाच्या खोलीत चुंबक आणायचं नाही, कितीही वेळ लागला तरी.

१६ एप्रिल, बुधवार

काकांकडच्या कॉइलमध्ये घड्याळ धरलं, बटण दाबलं, आणि दाबूनच ठेवून हात सावकाश दोन फूट मागे नेला. वेटोळी सुटी झाली. होकायंत्र शांत.

परतताना स्टेशनवरून आले. आजच्याच तारखेला, १८५३ साली, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याकडे निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं, ३४ किलोमीटर. रेल्वेने वेळ हा सगळ्यांचा एकच विषय केला. तोवर प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्याची होती. मुंबईची ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपली वेळ सोडली नाही. शहरात ती १९५५ पर्यंत कुठे ना कुठे चालू राहिली. दोन वेळांत ३९ मिनिटांचं अंतर. आईची आई गिरगावात माहेरी जायची तेव्हा तिथल्या भिंतीवरच्या घड्याळावरून नवऱ्याशी वाद व्हायचा. अप्पा खिशातलं काढून दाखवायचे आणि म्हणायचे, गाडी याच्यावर सुटते.

गार्डाच्या घड्याळाला किती महत्त्व होतं ते अमेरिकेतल्या एका अपघातावरून कळतं. १८९१ साली ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली. एका कर्मचाऱ्याचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं. त्यानंतर वेब बॉल या घड्याळजीने रेल्वेच्या घड्याळांसाठी नियम घालून दिले, आठवड्याला तीस सेकंदांहून जास्त चूक चालणार नाही असे.

४ मे, रविवार

तीन आठवड्यांचा हिशेब. टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चूक दाखवणारं यंत्र) आणि रोज रात्री नऊला रेडिओच्या टोल्याशी जुळवून.

किल्ली पूर्ण दिल्यावर झोका २६० अंश, चोवीस तासांनी २१५. एका किल्लीत ३४ तास. तबकडी वर : दिवसाला १२ सेकंद पुढे. तबकडी खाली : १५ पुढे. किल्ली वर, म्हणजे खिशात असतं तसं उभं : २८ मागे.

उभं आणि आडवं यांत चाळीस सेकंदांचा फरक आहे, म्हणजे बॅलन्सची एक बाजू किंचित जड. बॅलन्सच्या कडेवरचा स्क्रू खालून जरा पोखरला की तो कमी करता येईल. मी करणार नाही. ते वजन कुणी, कधी, का बदललं मला माहीत नाही, आणि एकदा काढलेलं पितळ परत येत नाही. त्याऐवजी काकांनी रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा काटा, अगदी केसभर पुढे सरकवायला सांगितला. अप्पा दिवसभर ते कोटाच्या खिशात उभं ठेवायचे आणि रात्री खिळ्याला अडकवायचे, तेही उभंच. म्हणून उभ्या स्थितीवर जुळवलं. आता उभं दिवसाला ३ सेकंद मागे. आडवं ठेवलं तर चाळीसेक पुढे जाईल, तर ते आडवं ठेवायचं नाही.

उकाड्याचा परिणाम पाहायचा होता. दुपारी गच्चीच्या खोलीत ३७ अंश, रात्री माझ्या खोलीत एसी लावून २४. साधा पितळी बॅलन्स आणि पोलादी गुंडाळी असती तर दर अंशामागे दिवसाला दहा-अकरा सेकंदांचा फरक पडतो. तेरा अंशांना दोन मिनिटांच्या वर. इथे पडला ९ सेकंद. कारण बॅलन्सची कडा दोन धातूंची आहे, आत पोलाद, बाहेर पितळ, एकमेकांवर वितळवून जोडलेलं, आणि दोन ठिकाणी कापलेलं. उष्णतेने पितळ जास्त वाढतं, मोकळी टोकं आत वळतात, बॅलन्स लहान झाल्यासारखा होतो आणि मऊ पडलेल्या गुंडाळीची भरपाई करतो. पुढे शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने निकेल-पोलादाचे असे मिश्रधातू काढले की या कापलेल्या कडेची गरजच संपली. त्याला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ही कडा कापणाऱ्यांनी ते काम पितळ आणि पोलादाच्या स्वभावावरच करून घेतलं होतं.

२७ मे, मंगळवार

पाऊस यंदा कालच आला, २६ मेला. ठाण्यात दिवसभर धो धो. हवेत एवढा दमटपणा असताना मशीन उघडं ठेवायचं नाही म्हणून रात्रीच केस बंद केली. झाकणाच्या कडेला मेणाचा अतिपातळ हात फिरवला. डबीत सिलिका जेलची पुडी. सांगाड्यातला कारखान्याचा स्टाफ वेगळ्या कागदी पाकिटात, त्यावर मापं लिहून, डबीतच. पुढे कुणाला लागला तर हाताशी असेल.

आईने खिळा ठोकून घेतलाय, देवघराशेजारी. किल्ली द्यायची वेळ रात्री नऊ.

आज सकाळी काकांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा दिला. आत काचेच्या नळ्या, प्रत्येकीत पाच-सात स्टाफ, कापसात. चिठ्ठ्यांवरची शाई उडून गेलीय. काही कारखान्याचे आहेत, काही त्यांच्या मालकांच्या हातचे, काही त्यांच्या स्वतःच्या. कुठला कुठला ते आता त्यांना नजरेने ओळखू येत नाही. म्हणाले, "तू मोजून चिठ्ठ्या लाव." पहिल्या नळीतले सहा मोजून झाले. तीन धनुकलीवरचे आहेत. लांबी ५.९१, ५.८८, ६.०२. अजून तेवीस नळ्या आहेत.